एक मात्रा उशिरा

तीनतालाचा ठेका आपण सगळ्यांनीच कधी ना कधी हातावर धरलेला असतो. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. तो इतका तोंडपाठ असतो, की तो ऐकायचा राहूनच जातो. म्हणून आज जरा थांबून नवव्या मात्रेकडे पाहू या. तिथे आपण तळहात बाजूला उलटा करून खाली दाखवतो, आणि नेमक्या त्याच मात्रेवर तबलजी डग्ग्यासकट भरघोस 'धा' वाजवतो. हात म्हणतो रिकामं, तबला म्हणतो भरलेलं! डग्गा मिटतो तो दहाव्या मात्रेला. तेराव्या मात्रेवर आपली टाळी पडते, भरी परत आल्याची ग्वाही देते, आणि डग्गा अजून गप्पच असतो. तिथे ऐकू येतो तो कोरडा 'ता'. चौदाव्या मात्रेला 'धिं' येतो तेव्हा कुठे डाव्या हाताचा घुमारा परततो. म्हणजे खाली चार मात्रांची आणि डग्ग्याचं मौनही चार मात्रांचं, पण हे मौन खालीच्या मागून, बरोबर एक मात्रा उशिरा चालत येतं.

या उशिराचं सौंदर्य मला सर्वांत स्वच्छ दिसलं ते मोड्यूलर सिंथेसायझरच्या वायरींच्या गुंत्यात. आज बहुतेक ठिकाणी दिसणारी त्याची घडण जर्मनीतल्या डिटर डोएप्फर यांच्या ए-१०० या मालिकेपासून, म्हणजे १९९५पासून रूढ झाली: १२८.५ मिलिमीटर उंचीच्या पट्ट्या, त्यांवर गोल खुंट्या, आणि साडेतीन मिलिमीटरच्या जॅकची भोकंच भोकं. एक पट्टी नाद निर्माण करते, दुसरी तो गाळते, तिसरी त्याची उंची-खोली ठरवते. कुणाचं कुणाशी नातं जुळावं हे मात्र कारखान्यात ठरत नाही, ते आपण वायर खोचून ठरवतो. या वायरींतून वाहणाऱ्या संकेतांपैकी काही हळूहळू चढत-उतरत जातात, आणि काही फक्त दोनच गोष्टी जाणतात: आहे किंवा नाही, साधारण पाच व्होल्ट किंवा शून्य. या दुसऱ्या जातीला गेट म्हणतात. गेटला स्वतःचा आवाज नसतो, त्याच्यापाशी असते ती केवळ परवानगी. रसिकाचं लक्ष सहसा नादाकडे जातं. पण एखाद्या जोडणीचा स्वभाव, तिची लय, तिचा रुसवा-हट्ट हे सगळं या मुक्या परवानग्या कुठून कुठे वळवल्या आहेत यावरच उभं असतं. आपण आज तीच बाजू चाखू या, आणि तीही एकाच जोडणीपुरती: तीनतालाचा हा ठेका केवळ आहे-नाहीच्या भाषेत मांडणारी.

आधी काळ हवा. एक क्लॉक मात्रेमागून मात्रा ठोका देत राहतो, आणि तो ठोका एका गणकात शिरतो. गणकाला चार दिवे. पहिला दिवा दर मात्रेला पालटतो, दुसरा दर दोन मात्रांनी, तिसरा दर चार, चौथा दर आठ मात्रांनी. अंधाऱ्या खोलीत हे चार दिवे पाहत बसणं हा स्वतंत्र आनंद आहे: डावीकडचा धांदरट, उजवीकडचा धीरगंभीर, आणि दोघांच्या मधले दोघे आपापल्या वयाला साजेसे. सोळा मात्रांत हे चार दिवे सोळा वेगवेगळ्या मुद्रा करतात आणि एकही मुद्रा दुसऱ्यांदा करत नाहीत. आवर्तनातलं आपलं स्थान दिव्यांच्या मुद्रेवरून तत्क्षणी ओळखता येतं. आणि सम? समेला चारही दिवे विझलेले असतात. ज्या क्षणाकडे सारं आवर्तन धाव घेतं, जिथे सभागृहातल्या माना एकदम डोलतात, तो क्षण या यंत्राच्या लेखी निखळ शून्य आहे.

आता उजवा हात. डग्गा मनातून पुसून टाकला तर ठेक्यात उरतं ते ता तिं तिं ता, चार वेळा, जसंच्या तसं. किनारीवरचा 'ता' दोन्ही टोकांना, लवेवरचा गुंजणारा 'तिं' मध्ये दोनदा. हे कोरून काढायला किती सायास पडावेत? पहिले दोन दिवे घ्या, आणि त्यांतला नेमका एकच पेटलेला असेल तेव्हाच उघडणाऱ्या गेटात त्यांना सोडा. दोन्ही विझलेले: ता. पहिला पेटला: तिं. पहिला विझून दुसरा पेटला: तिं. दोन्ही पेटले: ता. या क्रियेला त्या जगात एक्सॉर म्हणतात. 'हा किंवा तो, पण दोघे मिळून नव्हे' एवढाच तिचा कायदा. तबल्यावरच्या पहिल्या धड्याच्या पोटात हा कायदा निमूट बसलेला आहे हे पाहिलं की गंमत वाटते, आणि थोडा हेवाही वाटतो, कारण ज्यांनी हा ठेका घडवला त्यांनी तो कानाने घडवला, दिवे मोजून नव्हे.

खालीचा खंड त्याहून सोपा. नऊ ते बारा या मात्रांत चौथा दिवा पेटलेला आणि तिसरा विझलेला असतो, आणि उरलेल्या बारा मात्रांत असं कधीच होत नाही. चौथा आहे, आणि तिसरा नाही: एवढं एक वाक्य यंत्राला कळलं की त्याला खाली कळली. आपला उलटलेला तळहात हेच वाक्य उच्चारत असतो. पण या गेटाने थेट डग्गा बंद केला, तर ठेका बिघडतो! नवव्या मात्रेला 'ता' येतो, तेराव्याला 'धा' येतो; मोजणी बिनचूक, आणि कान म्हणतो, हा तीनताल नव्हे, तीनतालाचा तक्ता आहे.

इथे या जोडणीतला सर्वांत देखणा घटक प्रवेश करतो. त्याचं नाव फ्लिपफ्लॉप, आणि त्याचं काम इतकंच, की प्रत्येक ठोक्याला समोरच्या वायरीवर जे दिसेल ते टिपायचं आणि पुढच्या ठोक्यापर्यंत तेच दाखवत राहायचं. खालीचा संकेत आपण याच्या हाती देतो, आणि ठोका देतो तो गणकाचाच. दोघांना एकाच क्षणी हाक जाते. पण गणकाला आपले दिवे पालटून नवी मुद्रा मांडायला काही नॅनोसेकंद लागतात, आणि तेवढ्यात फ्लिपफ्लॉपने जुनीच स्थिती टिपून घेतलेली असते. सकाळी हातात पडणाऱ्या वर्तमानपत्रात कालची हकिगत असते, तशी त्याच्या तोंडी नेहमी मागच्या मात्रेची बातमी असते. खाली नऊला सुरू होते. फ्लिपफ्लॉपला ती दहाला कळते. खाली बाराला संपते. तो तेरालाही खालीच सांगत असतो. आणि डग्गा त्याचं ऐकतो. बस्स, ठेका उभा राहिला: नवव्याला धा, तेराव्याला ता, चौदाव्याला भरून आलेला धिं.

याच घटकाची आणखी एक सेवा सहज नजरेतून निसटते. असल्या गणकाचे दिवे एकदम पालटत नाहीत, एकामागून एक ढासळतात. सोळाव्या मात्रेला चारही पेटलेले. तिथून समेवर येताना पहिला विझतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि चौथा विझण्याआधी एक अतिसूक्ष्म क्षण असा जातो की चौथा पेटलेला आणि तिसरा विझलेला असतो. ही तर खालीची खूण! समेच्या उंबऱ्यावर, कुणाच्याही कानाला कधीच कळणार नाही अशी एक खोटी खाली चमकून जाते. फ्लिपफ्लॉपने मात्र आपलं टिपण आधीच मिटलेलं असल्यामुळे ती तिथेच विरते, डग्ग्यापर्यंत पोचत नाही. उशिरामुळे जी भूल टळते तिचं कौतुक उशिराला क्वचितच मिळतं.

पण ठेक्याला हा उशीर हवासा का वाटला असावा? त्यासाठी बोल खंडांच्या भिंती काढून पुन्हा म्हणून पाहू या, आणि आरंभ समेवरून न करता दुसऱ्या मात्रेपासून करू या. धिं धिं धा धा. धिं धिं धा धा. तिं तिं ता ता. धिं धिं धा धा. काय झालं पाहा! चार चरण, चारही सारख्या मापाचे. तिसरा आपादमस्तक बंद, बाकीचे आपादमस्तक उघडे. अर्धवट, सांध्यात अडकलेलं काहीच उरलं नाही. आणि चौथ्या चरणाचा शेवटचा 'धा' म्हणजेच सम. म्हणजे टाळ्यांचा हिशेब समेपासून निघतो, पण बोलांची वाटचाल समेवर येऊन संपते. एकाच आवर्तनात दोन मोजण्या एका मात्रेच्या अंतराने चालल्या आहेत, एक हाताची आणि एक कानाची, आणि दोघींच्या मधल्या त्या चिंचोळ्या फटीत तीनतालाची सारी ओढ साठलेली आहे. मध्यलयीतल्या पुष्कळ बंदिशींचा मुखडा नवव्या मात्रेवरून उठतो आणि आठ मात्रांची चाल धरून समेवर टेकतो. गायक उठतो तेव्हा डग्ग्याचा 'धा' त्याच्या पायाखाली असतो, लगेच जमीन काढून घेतली जाते, आणि सम जवळ येऊ लागताच ती पुन्हा भरून दिली जाते. गणिताने हे सुचवलं असतं असं मला वाटत नाही. गणिताने फक्त त्यावर बोट ठेवलं, आणि तेवढंच पुरे.

रिकामेपणाची खूण कशी करावी याबद्दल संगीतातही एकमत नाही, आणि ते मतांतरही आस्वाद्य आहे. भातखंडे पद्धतीत समेला × आणि खालीला ० लिहितात. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला चक्क + हे चिन्ह. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं ते पलुस्करांच्याच परंपरेतलं. म्हणजे या शहरातल्या कित्येक वह्यांत खालीला अधिकाचं चिन्ह मिळालेलं आहे, आणि दुसऱ्या वहीत त्याच जागी पूज्य. एकच घटना, दोन उलटी चिन्हं, वाजणारा ठेका एकच. सिंथेसायझरच्या बालपणीही हीच तऱ्हा होती. आज आपण व्होल्ट चढला की 'आहे' समजतो. रॉबर्ट मूग यांच्या सुरुवातीच्या यंत्रांत मात्र ठोक्याचा संकेत म्हणजे वायर जमिनीशी जोडली जाणं, व्होल्ट कोसळून शून्य होणं. त्याला एस-ट्रिगर म्हणत, आणि त्याच्या पिनाही वेगळ्या, दोन पात्यांच्या. तिथे रितं होणं हीच हाक होती.

असं एक मूग यंत्र आपल्याही देशात लवकर आलं. १९६९मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ते उभं केलं, आणि पुढची तीनेक वर्षं तिथे जी ध्वनिमुद्रणं झाली ती २०२३मध्ये तबकडीच्या रूपाने रसिकांसमोर आली. ती करणाऱ्यांत गीता साराभाई होत्या हे मला फार अर्थपूर्ण वाटतं, कारण त्या पखवाज वाजवणाऱ्या होत्या. १९४६मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवणाऱ्या याच. ज्या बोटांना थापेचा खुला-बंद भेद अंगवळणी होता, ती बोटं वायरी खोचू लागली तेव्हा त्या भोकांकडे त्यांनी कोणत्या डोळ्यांनी पाहिलं असेल, याची कल्पना करत मी पुष्कळदा बसतो.

पुण्यात या जोडणीसाठी महागडी पेटी घ्यायलाच हवी असंही नाही. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सुटे भाग विकणाऱ्या दुकानांतून ज्या चिपा मागायच्या त्यांची घराणी जुनी आहेत: आरसीए कंपनीने १९६८मध्ये काढलेली ४००० क्रमांकांची मालिका, तीनपासून पंधरा व्होल्टपर्यंत काहीही पचवणारी. गणकाला ४०२४, एक्सॉरला ४०७०, 'दोन्ही असतील तर'साठी ४०८१, उलटवण्यासाठी ४०६९, आणि आपल्या उशिरासाठी ४०१३. एक बारकावा मात्र सांगायलाच हवा: ४०२४ ठोका उतरताना मोजतो आणि ४०१३ ठोका चढताना टिपतो, त्यामुळे फ्लिपफ्लॉपकडे जाणारा ठोका आधी उलटवून घ्यावा लागतो, नाहीतर डग्गा अर्ध्या मात्रेवरच मिटतो. शेवटी फ्लिपफ्लॉपची परवानगी आणि क्लॉकचा ठोका यांची ४०८१मध्ये गाठ घालायची. दोन्ही असतील त्या मात्रेला डग्ग्यावर थाप पडते.

थाप कशी पडते याबद्दल गेट काहीच बोलत नाही, हे मान्य करायलाच हवं. डग्ग्यावर मनगटाचा दाब देऊन स्वर वर सरकवण्याची जी मींड असते, ती आहे-नाहीत मावत नाही. तिच्यासाठी चढत्या-उतरत्या व्होल्टची दुसरी वायर लागते, आणि खरं सांगायचं तर ती लावूनही चांगल्या तबलजीच्या तळहाताचा ओलावा तिला येत नाही. गेटच्या हाती फक्त लांबी आहे: ऱ्हस्व गेट की दीर्घ गेट. पण लांबी ही काही लहान शिदोरी नव्हे. लघु आणि गुरू या दोनच मापांवर आपली अक्षरगणवृत्तं उभी आहेत. मनाचे श्लोक ज्या भुजंगप्रयातात आहेत त्याचा यगण म्हणजे एक आखूड गेट आणि दोन लांब गेटं, चरणात चार वेळा. तीन पायऱ्यांच्या सिक्वेन्सरवर हे लावून त्या लांबीइतकाच नाद सोडला, तर शब्द नसतानाही मराठी कान दुसऱ्याच चरणाला मान हलवू लागतो.

रूपक तालाची गोष्ट न सांगता पुढे जाणं अन्यायाचं होईल. ती ती ना, धी ना, धी ना. सात मात्रा, आणि सम हीच खाली. यंत्रावर सात म्हणजे तीन दिव्यांची मोजणी मध्येच तोडणं: तिन्ही दिवे पेटले की तीच आठवी मात्रा, आणि ती तर आपल्याला नको आहे. म्हणून 'तिन्ही पेटलेले' या मुद्रेलाच गणक पुसण्याचं काम नेमून द्यायचं. ती मुद्रा जन्मते आणि जन्मताच स्वतःला पुसून टाकते. तिच्या त्या नॅनोसेकंदांच्या आयुष्यातून सम उगवते, तीही डग्ग्याविना. डग्गा चौथ्या आणि सहाव्या मात्रेला, दोनच. पहिला दिवा पेटलेला, आणि दुसऱ्या-तिसऱ्यातला नेमका एक पेटलेला: एवढ्यात दोन्ही मात्रा हाती लागतात. इथे उशीर लागत नाही, फ्लिपफ्लॉप लागत नाही. रूपकात हात आणि कान भांडतच नाहीत, समेवर दोघेही एकमुखाने रिकामे असतात, आणि त्यामुळेच की काय, रूपकाची ओढ तीनतालाहून वेगळ्या जातीची, काहीशी तरंगती वाटते.

या वायरींची एक खोडी अजून शिल्लक आहे. ४०१३मधल्या फ्लिपफ्लॉपला दोन बाहेरची भोकं असतात. एकावर टिपलेली स्थिती, शेजारच्यावर तिचं उलट. आपण डग्ग्याला नेहमी उलट बाजू देतो, म्हणजे 'मागची मात्रा खालीची नसेल तर वाजव'. आता ठेका चालू असतानाच ती वायर शेजारच्या भोकात सरकवू या. जिथे डग्गा होता तिथे तो नाही, आणि जिथे नव्हता तिथेच तो आहे. गणक, दिवे, उजवा हात, कशालाही स्पर्श केलेला नाही. कुठल्याही घराण्यात याला थारा मिळणार नाही, पण तीनतालाची सम इथे रूपकासारखी डग्ग्याविना येते आणि सगळा भार दहाव्यापासून तेराव्यापर्यंतच्या मात्रांत जाऊन बसतो. टाळ्या नेहमीच्याच जागी धरून मोठ्याने म्हणून पाहा: ता तिं तिं ता, ता तिं तिं ता, ता धिं धिं धा, धा तिं तिं ता.